ट्रकच्या टायरात हवा भरायची तर नळी लावायच्या आधी हे बघा

टायर फुटला की लोक पहिल्यांदा म्हणणार, जास्त हवा भरली असेल. म्हणून हवा भरताना सगळं लक्ष गेजवर, काटा पुढे जाऊ नये एवढीच काळजी. पण हवा भरताना ट्रकचा टायर फुटण्याचा जो सगळ्यात घातक प्रकार आहे तो जास्त हवेचा नाहीच, तो कमी हवेचा आहे. म्हणजे टायर आधी कमी हवेवर पळालाय, आतल्या तारा तुटत आल्यात, बाहेरून काही कळत नाही, आणि आता तुम्ही त्यात परत हवा भरताय. असा टायर ११० पीएसआयचा असला तरी त्याच्या निम्म्या प्रेशरला पण जाऊ शकतो, आणि त्या वेळी तुमचा गेज अगदी बरोबर आकडा दाखवत असतो, त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून इथे नळी कशी लावायची हे कमी सांगणार आहे. नळी लावायच्या आधी काय बघायचं आणि लावल्यावर स्वतः कुठे उभं राहायचं, हे जास्त.

आधी जोर किती असतो ते डोक्यात बसू दे. कारचा टायर ३०-३५ पीएसआयचा, ट्रकचा १०० ते १२०. आकडा तिप्पट-चौपट आहे एवढंच वाटतं, पण टायर पण मोठा आहे ना. २२.५ इंची रिम घ्या, त्या गोलाचं क्षेत्रफळ जवळपास ४०० चौरस इंच. १०० पीएसआय म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर १०० पौंड, म्हणजे झाले ४० हजार पौंड, साधारण १८ टन. एवढ्या जोराने आतली हवा टायरच्या बाजूला बाहेर रेटत असते आणि रिम, बीडची (म्हणजे रिमवर बसणाऱ्या टायरच्या कडेची) तार, साइडवॉलच्या (टायरच्या बाजूच्या भिंतीच्या) तारा हे सगळं मिळून तिला धरून ठेवतं. त्यातलं एक जरी सुटलं तरी समोरच्या माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. प्रतिक्रिया देऊ, उडी मारू असलं काही नसतं तिथे, तुम्ही आधीच जिथे उभे होतात तेच काय ते ठरवतं.

टॉप-अप आणि परत भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

टायरमध्ये हवा थोडी कमी आहे आणि ती पुरी करायची, हे एक काम. टायर बसलाय किंवा बराच कमी झालाय आणि तसाच चाललाय, त्यात हवा भरायची, हे पूर्ण वेगळं काम. दोन्हीला नळी तीच, कॉम्प्रेसर तोच, म्हणून लोक दोन्ही एकाच हाताने उरकतात आणि घोळ तिथेच होतो.

सीमारेषा ८० टक्क्यांची धरतात. गाडीला जे प्रेशर हवंय त्याच्या ८० टक्के किंवा त्याहून खाली टायर आलाय आणि त्यावर गाडी चाललीय, तर तो टायर "फ्लॅट चाललेला" समजायचा, मग तो डोळ्याला कितीही उभा दिसो. ११० लागत असेल तर ८८. १०० लागत असेल तर ८०. आता ८५ पीएसआयचा टायर बघून कोणालाही तो बसलेला वाटणार नाही, लाथ मारली तरी दगडासारखाच लागेल, म्हणूनच हातोडी किंवा टॉमी मारून आवाज ऐकायच्या सवयीवर विसंबू नका. ठोकून एवढंच कळतं की टायर पूर्ण बसलाय की नाही, ७० आहे की १०० हे कानाला कळत नाही, कोणाच्याच.

यात अजून एक गोम आहे, ती बरेच जण विसरतात. गाडी चालून आली की टायर गरम असतो आणि प्रेशर १० ते १५ टक्के वाढलेलं असतं. समजा ११० चा टायर आहे, गाडी आत्ताच लांबून आलीय आणि गेज ९५ दाखवतोय. तुम्ही म्हणाल ९५ म्हणजे ८८ च्या वर आहे, चला टॉप-अप करू. पण तो गार झाल्यावर ८३-८४ लाच येणार, म्हणजे तो रेषेच्या खालीच आहे. गरम टायरचा आकडा कायम खोटं चांगलं चित्र दाखवतो. आणि उलट बाजूने, गरम टायर १२० दाखवतोय म्हणून त्यातली हवा सोडणं हा अजून मोठा वेडेपणा, कारण गार झाला की तो कमीच निघणार आणि उद्या कमी हवेवर पळणार. प्रेशर बघायचं ते गार टायरचं, गाडी किमान तीन तास उभी असताना, शक्यतो सकाळी निघायच्या आधी.

तर, ८० टक्क्यांच्या वर असेल, टायरवर काही जखम दिसत नसेल, तर गाडीवरच, नट पूर्ण आवळलेले आहेत हे बघून, लांबून टॉप-अप करा. खाली असेल तर गाडीवर हवा भरायची नाही, विषय संपला. व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा, चाक खोला, टायर रिमवरून उतरवा, आतून बघा. हे ऐकून ड्रायव्हर वैतागतो, "अहो नुसती हवा मारा, पुढच्या ठिकाणी बघतो" म्हणतो. मारू नका. त्याला घाई आहे हे खरं, पण नळी तुमच्या हातात आहे.

कमी हवेवर आत काय होतं

आजकालच्या ट्रकच्या रेडियल टायरच्या साइडवॉलमध्ये स्टीलच्या बारीक तारा असतात, एका बीडपासून दुसऱ्या बीडपर्यंत आडव्या. हवा कमी असली किंवा लोड जास्त असला की टायर फिरताना साइडवॉल प्रत्येक फेरीत गरजेपेक्षा जास्त दुमडते आणि परत सरळ होते. तार वाकवत राहिलं की ती गरम होते आणि थकून तुटते. एक तुटली की तिचा भार शेजारच्यांवर. टायर गाडीखाली कमी हवेत चालत असतो तोपर्यंत तो कसाबसा धरून असतो, पण परत हवा भरायला लागलात की उरलेल्या तारांवर ताण चढत जातो आणि एक तार गेली की तिच्या शेजारची, मग तिच्या शेजारची, बॅगेची चेन उघडावी तशी साइडवॉलच्या मधोमध गोलाईत फट पडते. याला झिपर म्हणतात. त्यातून सगळी हवा एका क्षणात एका बाजूला बाहेर पडते, सरळ साइडवॉलच्या समोर. टायरसमोर उकिडवं बसून एका हातात चक (व्हॉल्व्हला लावायचं नळीचं तोंड) आणि दुसऱ्या हातात गेज धरून हवा भरणारा माणूस नेमका तिथेच असतो.

म्हणून पहिला नियम हाच, साइडवॉलच्या समोर नाही. उभं राहायचं ते टायरच्या गोटीच्या म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या ट्रेडच्या बाजूला, आणि तेही लांब. रिमचा तुकडा उडाला तर तो सरळ रेषेतच जाईल असं नाही, तिरका पण जातो, म्हणून फक्त एक पाऊल बाजूला सरकून भागत नाही.

टायर उतरवल्यावर काय बघायचं

आतून हात फिरवायच्या आधी नजर फिरवा, कारण तुटलेली तार बोटात घुसते. हातमोजे घाला. आतमध्ये रबराची काळी भुकटी किंवा बारीक गोळ्या सापडल्या तर तो टायर नक्की बसलेल्या अवस्थेत चाललाय. आतल्या अस्तरावर गोल पट्टा दिसतो का बघा, सुरकुत्या पडलेला, घासलेला, कधी रंग बदलून निळसर झालेला. कुठे अस्तर फाटून तार दिसत असेल तर पुढे बघायची पण गरज नाही.

बाहेरून साइडवॉल बघताना टॉर्च समोरून मारू नका, बाजूने, अगदी तिरकी धरा. समोरून प्रकाश टाकला की सगळं सपाट काळं दिसतं, तिरक्या प्रकाशात बारीक लाटा आणि फुगवटे सावली टाकतात आणि एकदम नजरेत भरतात. मग टायरची बाजू दोन्ही हातांनी दाबून बघा, एखादा भाग बाकीच्यापेक्षा मऊ, लुळा लागतो का. एवढं करून शंका राहिली तर टायर बाद. बाद करताना त्याला कापून टाका किंवा साइडवॉलला भोक पाडा, नाहीतर तोच टायर कोणीतरी उचलून दुसऱ्या गाडीला लावतो.

रिम पण बघा, ती राहूनच जाते. तडा, गंजून खाल्लेली कड, अंडाकृती झालेली नटाची भोकं, वाकलेली फ्लॅन्ज. तडा गेलेल्या रिमला वेल्डिंग करून परत वापरायचं नाही, कितीही चांगला वेल्डर असू दे. आणि टायर चढलेला असताना रिमवर वेल्डिंग किंवा गॅस लावणं तर कधीच नाही. लोक म्हणतात पिन काढलीय, हवा नाही, काय होतंय. रबर तापून आत पेटणारा वायू तयार होतो आणि टायर बॉम्बसारखा जातो, तो वायू छोट्या भोकातून बाहेर पडेपर्यंत थांबत नाही. आधी टायर पूर्ण उतरवा, मग काय ते.

साइज जुळतोय का ते वाचा, अंदाजाने नाही. टायरवर पण लिहिलेलं असतं आणि रिमवर पण ठोकलेलं असतं. अर्ध्या इंचाचा फरक डोळ्याला दिसत नाही, २४ आणि २४.५ शेजारी ठेवले तर सारखेच वाटतात, पण टायर लहान आणि रिम मोठी असेल तर बीड जागेवर बसतच नाही, माणूस हवा वाढवत राहतो आणि शेवटी बीडची तार तुटते.

कॉम्प्रेसर आणि नळी

कॉम्प्रेसरचं गणित सोपं आहे, टाकीतलं प्रेशर टायरच्या प्रेशरपेक्षा बऱ्यापैकी जास्त पाहिजे, २०-३० पीएसआय तरी. छोटा सिंगल स्टेजचा कॉम्प्रेसर १२० च्या आसपास कट होतो, त्याने कारचं, बाइकचं सगळं होईल, पण १२० चा ट्रकचा टायर त्याने भरायचा म्हणजे शेवटचे १०-१५ पीएसआय चढता चढत नाहीत, कारण दोन्हीकडचं प्रेशर जवळजवळ सारखं झालं की हवा पुढे सरकतच नाही. मग माणूस कंटाळून १०० वर सोडून देतो. ट्रकसाठी टू स्टेजचा, १५०-१७५ पर्यंत जाणारा पाहिजे. हवा पण बरीच लागते, ट्रकच्या एका टायरच्या पोटात सव्वाशे-दीडशे लिटर जागा असते, ती ७ बारला (साधारण १०० पीएसआय) भरायची म्हणजे बाहेरची हजार लिटरच्या आसपास हवा खेचून आत कोंबायची.

पण हेच उलट बाजूने बघा, १७५ ची टाकी आणि ११० चा टायर, मध्ये रेग्युलेटर नाही, आणि चक लावून माणूस चहाला गेला तर टायर कुठवर जाईल? म्हणून लाइनमध्ये रेग्युलेटर पाहिजे आणि तो टायरला लागणाऱ्या आकड्यावर सेट केलेला पाहिजे. शेवटी शेवटी हवा हळू जाईल, जाऊ दे. आणि रेग्युलेटर आहे म्हणून पण टायर सोडून निघून जायचं नाही, तो पण बिघडतो.

नळीच्या बाबतीत तीन गोष्टी लागतात आणि तिन्ही स्वस्तातल्या आहेत, तरी त्यावर कंजुषी होते ते कळत नाही. एक, क्लिप-ऑन चक, म्हणजे व्हॉल्व्हला अडकवला की हाताने धरायला लागत नाही. दुसरं, लांब नळी, चकपासून पुढच्या व्हॉल्व्हपर्यंत किमान तीन मीटर तरी, जास्त असेल तर अजून छान. तिसरं, त्या लांबच्या टोकाला हाताने चालू-बंद करायचा व्हॉल्व्ह आणि तिथेच गेज. अमेरिकेतल्या ओशाच्या, म्हणजे कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या, १९१०.१७७ या नियमात पण हेच मागितलंय, क्लिप-ऑन चक, गेजसकट इनलाइन व्हॉल्व्ह किंवा आधी सेट करता येणारा रेग्युलेटर, आणि माणूस धोक्याच्या रेषेबाहेर उभा राहील एवढी नळी. ज्या नळीच्या टोकाला बंदुकीसारखा ट्रिगर आणि गेज आणि लगेच चक असतो, ती ट्रकच्या टायरला वापरूच नका, कारण ती हातात धरायची म्हणजे टायरसमोर बसायलाच लागतं.

चक घेताना ओपन टाइपचा घ्या. बंद टाइपच्या चकमध्ये आतून झडप असते, ती हवा अडवू शकते. ओपन चकमध्ये लांबच्या टोकाचं क्विक कपलिंग सुटं केलं की टायरातली हवा त्याच नळीतून उलटी बाहेर येते. म्हणजे काही विचित्र आवाज आला, फुगवटा दिसला, तर टायरजवळ न जाता आहे तिथूनच तो रिकामा करता येतो.

गेज वाचताना हवा चालू असताना जो आकडा दिसतो तो टायरचा नसतो, तो नळीचा असतो आणि तो कायम जास्त असतो. व्हॉल्व्ह बंद करा, काटा झरकन मागे येऊन स्थिरावतो, तो खरा आकडा. ९० दिसत होतं आणि बंद केल्यावर ७५ वर आलं असं सहज होतं. नवीन पोरं इथे फसतात, चालू हवेत ११० दिसले की चक काढून मोकळे, टायर प्रत्यक्षात कमी. गेज पडला, आपटला की तो खोटं बोलायला लागतो, म्हणून एक चांगला गेज फक्त तुलनेसाठी कपाटात ठेवा आणि अधूनमधून वापरातला गेज त्याच्याशी ताडून बघा.

पाण्याबद्दल थोडं. हवा दाबली की त्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाला साचते. खालचा कॉक रोज उघडून ते सोडायचं, आधी गंजाचं तांबूस पाणी येतं, मग फवारा, मग कोरडी हवा, तोपर्यंत उघडा ठेवा. नाही सोडलं तर ते पाणी टायरात जातं, रिम आतून गंजते, जिथे अस्तराला छेद असेल तिथून तारा गंजतात, आणि टाकी स्वतः तळातून खाल्ली जाते ती वेगळीच. भिंतीवर लोखंडी लाइन टाकली असेल तर प्रत्येक पॉइंटचा फाटा मेन पाइपाच्या वरच्या अंगाने काढा, खालून नाही, म्हणजे लाइनमधलं पाणी नळीत उतरत नाही. आणि पाण्याची पीव्हीसी पाइप हवेला वापरू नका, ती फुटली की काचेसारखे तुकडे उडतात.

पिंजऱ्यात भरताना

उतरवून, तपासून परत चढवलेला टायर पिंजऱ्यातच, म्हणजे जाड लोखंडी दांड्यांच्या सेफ्टी केजमध्येच, भरायचा. पिंजरा भिंतीला टेकवून ठेवू नका, चारी बाजूंनी मोकळा पाहिजे, साइडवॉलच्या समोर फूटभराच्या आत सपाट भिंत असेल तर हवेचा झोत तिथून उलटा येतो. भरताना पिंजऱ्याला टेकून उभं राहायचं नाही, वर हात ठेवायचा नाही, टायर फुटला की पिंजरा हलतो. पिंजऱ्याच्या जोडांना तडे गेलेत का ते रोज बघायचं. आणि पिंजरा म्हणजे कवच नाही, तो उडणारे तुकडे अडवतो, हवेचा झोत त्याच्या दांड्यांमधून आरामात बाहेर येतो. म्हणजे पिंजरा असला तरी लांब नळी आणि बाजूला उभं राहणं आहेच.

बीडला साबणाचं किंवा टायरसाठीचं वनस्पती तेलाचं ल्युब्रिकंट लावा, ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल असलं काही नाही, ते रबर खातं. डोळ्यांना चष्मा, कानांना काहीतरी. पिन काढलेल्या व्हॉल्व्हला चक अडकवा, मागे जा, हवा सोडा. आधी फक्त २० पीएसआयपर्यंत. तिथे थांबा.

हे २० वर थांबणं म्हणजे सगळ्या कामाचा गाभा आहे, आणि घाईत नेमकं हेच गाळलं जातं. कॉम्प्रेसर त्या क्षणी बंद असेल तर उत्तम, बाकी आवाज थांबवा, आणि ऐका. तारा तुटत असतील तर कट, कट असा बारीक आवाज येतो. बीड बसतानाचा आवाज वेगळा, तो मोठा आणि भरीव "धप्प" असतो, एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. बारीक कटकट म्हणजे टायर आतून जातोय. त्याचबरोबर लांबूनच टॉर्च मारून साइडवॉल बघा, कुठे लाटा, कुठे फुगवटा. काहीही शंकास्पद असेल तर कपलिंग सोडा, हवा जाऊ द्या, टायर बाद. पिंजऱ्यात हात घालून चाचपायचं नाही.

सगळं ठीक असेल तर पुढे भरा. बीड बसला की रिमच्या कडेजवळ टायरवर जी बारीक गोल रेघ असते ती सगळीकडून रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत गेली असेल तर बीड तिथे बसलेला नाही. अशा वेळी "अजून थोडी हवा मारा, बसेल" हे करायचं नाही. सगळी हवा सोडा, परत ल्युब्रिकंट लावा, टायर रिमवर थोडा फिरवा, परत पहिल्यापासून. हातोडीने ठोकून बसवायचा तर अजिबात नाही, आत हवा असताना रिमवर किंवा रिंगवर हातोडी म्हणजे मरणाला आमंत्रण. बीड बसला की कपलिंग सोडून हवा काढा, पिन बसवा, परत भरा. पूर्ण प्रेशरला आल्यावर पण लगेच बाहेर ओढू नका, थोडा वेळ तिथेच राहू द्या आणि लांबून बघत राहा.

आणि तो पेट्रोल, स्टार्टिंग स्प्रे शिंपडून काडी लावायचा प्रकार. व्हिडिओ बघून पोरं करतात, धप्पकन बीड बसतो, टाळ्या पडतात. त्या स्फोटात प्रेशर किती चढेल यावर कोणाचा ताबा नसतो, आणि न जळलेला वायू आत राहिला तर टायर नंतर कधी रस्त्यावर किंवा पुढच्या मेकॅनिकच्या हातात जाईल सांगता येत नाही. बीड पकडत नसेल तर एकदम हवा सोडणारी छोटी टाकी मिळते बीड बसवायची, ती वापरा.

रिंगवाल्या रिम

जुन्या ट्यूबवाल्या २० इंची चाकांच्या रिम दोन-तीन तुकड्यांच्या असतात, बेस, साइड रिंग, लॉक रिंग. यात टायर चांगला असला तरी रिंग नीट बसली नाही तर तीच उडते, आणि ती लोखंडाची आहे. रिंग ज्या रिमची आहे त्याच रिमला, दिसायला सारखी म्हणून दुसऱ्या कंपनीची लावायची नाही. खाचेतला गंज, माती, जुना रंग वायर ब्रशने काढून मगच बसवायची, वाकलेली किंवा तडा गेलेली फेकायची. हवा भरताना रिंग एका जागी वर आलेली दिसली तर हवा सोडूनच दुरुस्त करायची. ट्यूब असेल तर एकदा भरून, पूर्ण सोडून, परत भरा, म्हणजे ट्यूबला आणि फ्लॅपला (ट्यूब आणि रिमच्या मधल्या रबरी पट्टीला) पडलेली घडी निघते.

अशा चाकाचे नट सैल करायच्या आधी हवा सोडायची, आणि मागचं जोडचाक असेल तर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही टायरांची. रिमला तडा असेल तर तिला फक्त नटांनीच धरून ठेवलेलं असतं, ते काढले की ती उघडते. पिन काढल्यावर फुसफुस थांबली म्हणून हवा संपली असं नसतं, कधी व्हॉल्व्हमध्ये घाण अडकते, कधी जोरात हवा सुटताना थंड होऊन आतल्या आत बर्फ धरतो. बारीक तार घालून वाट मोकळी आहे ना ते बघा, मगच पाना लावा.

जोडचाक आणि प्रेशर किती

मागच्या जोडचाकातला आतला टायर कोणी बघत नाही, कारण व्हॉल्व्हपर्यंत हात जात नाही. मग बाहेरचा ११०, आतला ७५, असं महिनोन्महिने चालतं. दोन्ही एकाच हबला बांधलेले, एकाच वेगाने फिरणार, कमी हवेचा टायर घेराने लहान, तो घासत जातो आणि जास्त हवेचा एकटा लोड उचलतो. म्हणजे एकाच्या आळसात दोघांचं आयुष्य जातं, आणि आतला टायर तर ब्रेक ड्रमच्या उष्णतेजवळ असतो. लांब मानेचा दुहेरी तोंडाचा चक घ्या किंवा व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन लावा, पण एक्स्टेन्शन सैल नको, तिथूनच हवा गळते.

आता आकडा किती हा प्रश्न. टायरवर लिहिलेलं प्रेशर म्हणजे त्यावर लिहिलेला जास्तीत जास्त लोड उचलायला लागणारं गार टायरचं प्रेशर. ११आर२२.५ मध्येच लोड रेंज (टायरची भार पेलायची श्रेणी) 'जी' (G) असेल तर १०५ आणि 'एच' (H) असेल तर १२०, साइज तोच. २९५/८०आर२२.५ वर १५२/१४८ असा लोड इंडेक्स असतो, पहिला आकडा एकट्या टायरसाठी ३५५० किलो, दुसरा जोडीत लावला तर ३१५० किलो. जोडीत कमी का, तर दोघांवर लोड कधीच अगदी समान येत नाही. तुमच्या एक्सलवर प्रत्यक्ष किती वजन येतं त्यावरून टायर कंपनीच्या लोड-प्रेशर तक्त्यात आकडा बघा किंवा गाडीवरच्या पट्टीवरचा घ्या. शेजारच्या गाडीवाल्याने १२० ठेवलंय म्हणून आपण पण १२०, असं नको. पुढचे आणि मागचे पण सरसकट सारखे असतातच असं नाही.

हवामानाचा हिशोब साधारण असा, १०० च्या आसपासच्या टायरला तापमान १० अंश सेल्सियसने बदललं की जवळपास ४ पीएसआयचा फरक पडतो. म्हणून ऋतू बदलला की सगळ्या चाकांचं प्रेशर एकदा परत बघायचं, थंडी सुरू झाली की तर नक्कीच, न गळता पण आकडा खाली आलेला असतो. नायट्रोजनबद्दल विचारतात, तर साध्या हवेत पण ७८ टक्के नायट्रोजनच आहे, कोरडी हवा आणि वेळेवर तपासणी असेल तर माझ्या मते त्यावर डोकं घालवायची गरज नाही.

भरून झालं की व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला तर पिन आवळा किंवा बदला. वरून टोपी लावा, शक्यतो आत रबराचा सील असलेली धातूची, कारण पिनवर धूळ बसली की पुढच्या वेळी हवा भरल्यावर ती नीट बंद होत नाही. टायरवर किंवा डायरीत प्रेशर आणि तारीख लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी गाडी निघायच्या आधी परत गेज लावा, ५-६ पीएसआय उतरलं असेल आणि हवा कालच्या एवढीच गरम-गार असेल तर कुठेतरी गळतंय, ते शोधल्याशिवाय नुसती हवा भरून गाडी सोडू नका.